दात काय शरीराबाहेर असतात?

गरीब देशातल्या सरकारी दवाखान्यात दातावर एकच इलाज: उपटा! रूट कॅनाल? शहरात जा. खुर्ची आलीये, वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही, कारण तिची यंत्रं हवेच्या दाबावर चालवणारा कॉम्प्रेसरच आला नाही. डॉक्टर आहेत तर भुलीचं इंजेक्शन संपलंय. मग पेनकिलर गिळा, गाल सुजेपर्यंत वाट बघा! विम्यात दात नाहीतच, जणू ते शेजाऱ्याचे. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ मध्ये सांगून मोकळी झाली. फ्लोराइड टूथपेस्ट २०२१ पासून तिच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतच! आणि भिंतीवर पोस्टर काय? ‘दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या.’ कुणाकडून, सुताराकडून?