सेल्फ मारा, सेल्फ!

जुना ट्रॅक्टर बंद पडलाय ही बातमी कुणाला सांगावी लागत नाही. चालता ट्रॅक्टर शेजारून गेला तर कुणी मान वर करत नाही. पण स्टार्टरची ती ‘घर्र... घर्र... घ...’ अशी मध्येच दम सोडणारी घरघर कानावर पडली की चार बांध पलीकडची माणसं हातातलं काम टाकून येतात. प्रत्येकजण आपापलं निदान सोबत घेऊन येतो. पाना मात्र एकजण आणेल तर शपथ.

आल्या आल्या पहिला हुकूम ठरलेला : ‘सेल्फ मारा.’ मी सांगतो की आत्ताच मारला. ‘आता आमच्यासमोर मारा!’ म्हणजे मधल्या पाच मिनिटांत ट्रॅक्टरचं मन पालटलं असेल, अशी त्यांना आशा असते. सेल्फची मोटर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, मग तिला मिनिटभर तरी विसावा द्यावा, नाहीतर ती तापून जळते आणि बॅटरीही उतरते. हे त्यांना पटतं. पटल्यावर ते म्हणतात, ‘बरोबर आहे. आता एकदा मारा.’

माझं स्पष्ट मत आहे की जुन्या डिझेल ट्रॅक्टरइतकं सरळ यंत्र दुसरं नाही. आपलं काय दुखतंय ते तो आवाजात सांगतो, धुरात सांगतो. फक्त त्या वेळी बाकीच्यांनी गप्प बसायला हवं, आणि हा योग मी अजून पाहिलेला नाही.

आधी आवाज घ्या. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते बघावं. बऱ्याच ट्रॅक्टरांत त्यासाठी आणि क्लचसाठी सुरक्षेचा स्विच असतो, तो लागल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. नुसतं ‘टक’ वाजून शांतता पसरली, तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंगची वायर. आमच्याकडे ‘टक’च वाजलं होतं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी अशी माजली होती की खाली शिसं आहे हे विश्वासावर मानायचं. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे बिचारी भरलेली होती. करंट त्या बुरशीतच अडकत होता. गरम पाण्याने धुतलं, घासलं, क्लॅम्प आवळला. सेल्फ खणखणीत फिरला. बॅटरीचं निदान करणारे आबा ‘सांगितलं होतं ना?’ म्हणून बांधावर जाऊन बसले. इंजिन मात्र नुसतं फिरत राहिलं.

‘प्लग काढून बघा,’ काका म्हणाले.

‘काका, डिझेलला प्लग नसतो.’

‘म्हणून तर चालू होत नाही!’

या तर्कापुढे रुडॉल्फ डिझेलनेही हात टेकले असते. त्यांनी १८९७ साली आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं, त्यातली खरी गंमतच ही की ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबली की ती ५०० अंशांच्याही वर तापते. त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. काही इंजिनांत हीटर प्लग असतो, पण तो थंडीत मदतीपुरता. आमच्यात तोही नाही. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर काकांनी विचारलं, ‘मग तो एक बसवून का घेत नाही?’

आता धूर. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये : इंजिन थंड आहे, कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायची ताकद, गेलंय, नाहीतर नोझल फवारा सोडायचं विसरून नुसती लाळ गाळतोय. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. आमच्या सायलेन्सरवर बसलेला पक्षीसुद्धा उडाला नाही. म्हणजे उत्तर मिळालं होतं. मी ते मोठ्याने जाहीर केलं.

‘डिझेल आहे का पण टाकीत?’ मागून कुणीतरी विचारलं.

हा प्रश्न अपमानाचा असतो, पण गिळावा लागतो. मग प्रत्येकाने स्वतः काडी घालून टाकी मोजली. आधीच्याच्या काडीवर कुणाचा भरवसा नव्हता. त्या निमित्ताने झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे का ते बघून घेतलं. ते बुजलं तर टाकीत पोकळी होऊन डिझेल उतरत नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी बघितली. ती ओढलेलीच राहिली किंवा तिची तार अडकली तर पंप डिझेल सोडत नाही, मग वर कितीही विद्वत्ता केली तरी व्यर्थ. दांडी पूर्ण आत होती. एवढं होईस्तोवर ओढून चालू करा, हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरा, स्क्रूड्रायव्हर लावून सेल्फ डायरेक्ट करा, असे ठरावही मांडले गेले. शेवटचा ठराव मांडणाऱ्याला मी ट्रॅक्टरपासून लांब उभं केलं. असा डायरेक्ट केलेला ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होतो तो चालू करणाऱ्याच्या अंगावरच.

राहिली हवा. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की पंप ती हवाच दाबत बसतो. हवा दबते, नोझल उघडत नाही. ती काढायची पद्धत सोपी आहे, हात मात्र तीन लागतात. फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची अंगठ्याएवढी दांडी खालीवर करत राहायचं. (दांडी नुसतीच सैल लागली तर आतला कॅम, म्हणजे पंपाला ढकलणारा उंचवटा, वर थांबलेला असतो, इंजिन थोडं फिरवून घ्यायचं.) आधी काहीच येत नाही. मग बोल्टच्या कडेने फुसफुसत फेस येतो. मग फेसाचे सुटे सुटे बुडबुडे होतात, डिझेल थुंकल्यासारखं येतं, आणि मग अचानक काचेसारखी सलग धार लागते. ती धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. तोवर ती मनगटावरून कोपरापर्यंत पोचलेली असते. तेच पुढे नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या मुख्य पंपाच्या बोल्टवर, आणि मग नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ. इथे एकजण अंगठा लावून धार तपासायला निघाला होता. नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडतो, तो फवारा कातडी फोडून आत जातो, हे ऐकून त्याने अंगठा खिशात घातला. दिवस मावळेपर्यंत तो तिथेच होता.

ट्रॅक्टर धडाडून चालू झाला. एकच जल्लोष. मिनिटभरात धापा टाकत बंद.

जल्लोष करणारेच आता ‘मी म्हणत होतो’ म्हणायला लागले. पुन्हा हवा काढली, पुन्हा चालला, पुन्हा मेला. सगळे ओला डाग शोधत होते, आणि डाग कुठेच नव्हता. तो नसणारच, हे समजावताना माझा घसा बसला. फीड पंपाच्या पुढे लाइनीत दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येतं. पंपाच्या मागे, टाकीकडच्या बाजूला, पंप डिझेल ओढून घेत असतो. तिथली बारीक फट थेंबही न गाळता हवा आत घेते. पंपात शिरणाऱ्या पाइपाच्या जागी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचा तुकडा लावला. सगळे गुडघ्यांवर बसून त्या वीतभर नळीकडे बघायला लागले.

‘आला!’ बारीकसा बुडबुडा, त्यामागे दुसरा. म्हणजे फट त्याच्याही मागे. आम्ही मागे मागे सरकत टाकीखालच्या रबरी पाइपापाशी आलो. वरून पाइप ठणठणीत. क्लिप काढून वाकवला, तेव्हा क्लिपच्या बरोबर खाली नखाच्या रेषेएवढी चीर उघडली आणि मिटली. चिरेपुढचा भाग कापला, उरलेला पाइप पुरला, नवी क्लिप आवळली, हवा काढली.

या वेळी तो चालू झाला आणि चालूच राहिला. आबांनी श्रेय बॅटरीला दिलं. अंगठेवाला म्हणाला, हवा आहे हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं. काकांनी इंजिनाभोवती फेरी मारून प्लग नाही ना, याची खात्री केली आणि म्हणाले, ‘आता एकदा बंद करून परत चालू करून बघा. म्हणजे नक्की कळेल.’

सगळ्यांना हे एकदम पटलं. मी सीटवर चढलो आणि स्टॉपच्या दांडीवर पंजा झाकून बसलो.