पॅरालिसिसचा अटॅक आणि तो सुईवाला मेसेज: प्लीज वाट बघत बसू नका

परत तो सुईवाला मेसेज फिरायला लागलाय. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चीनमधले कुणी प्रोफेसर म्हणतात की स्ट्रोक, म्हणजे आपण ज्याला पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो तो, आला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून फुटत जातात, म्हणून पेशंटला जागचं हलवू नका, तिथेच बसवा, सुई गॅसवर तापवून घ्या आणि दहाही बोटांची टोकं टोचून वाटाण्याएवढा रक्ताचा थेंब काढा, तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांनाही टोचा, आणि पेशंट पूर्ण नॉर्मल झाला की मगच दवाखान्यात न्या, कारण घाईघाईत अँब्युलन्समधे घातलं तर धक्क्यांनी उरलेल्या शिराही फुटतील. खाली लिहिलेलं असतं, सगळ्यांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला परत बसवायचं, उभं करायचं, हातात चमचा धरायला शिकवायचं हे माझं रोजचं काम. मेसेज पाठवणारे काळजीनेच पाठवतात हे मला माहितीये, पण त्यातलं "मगच दवाखान्यात न्या" हे वाक्य माणसाला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांबलं तरी वाचा.

पहिला मुद्दा, "शिरा फुटत जातात". स्ट्रोक दोन प्रकारचे असतात. साधारण पाचातले चार हे रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, म्हणजे काही फुटलेलंच नसतं, पुढे रक्त जात नाही एवढंच, आणि तेवढ्यानेच मेंदूचा तो भाग मरायला लागतो. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीमुळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड. नुसतं बघून मोठा न्यूरॉलॉजिस्टसुद्धा खात्रीने सांगू शकत नाही, सिटी स्कॅन लागतोच. आणि दोन्हीचे उपचार एकमेकांच्या उलटे आहेत, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव असलेल्याला दिलं तर तो दगावू शकतो. म्हणूनच घरातली इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी, देऊ नका, हार्ट अटॅकला चालते म्हणून इथे चालेल असं नाही, आणि बीपीची गोळी जिभेखाली तर मुळीच ठेवू नका. २०२४ मधे चीनमधेच एक मोठा अभ्यास आला, अँब्युलन्समधेच बीपी उतरवायचं औषध देऊन बघितलं, सुमारे २४०० पेशंट, तर रक्तस्राव असलेल्यांना फायदा झाला आणि गुठळी असलेल्यांना नुकसान. डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या औषधाचं स्कॅनच्या आधी हे होतं, मग घरी आपण अंदाजाने काय करणार.

"हलवू नका, धक्क्याने शिरा फुटतील". असं काही होत नाही. धक्क्यांपेक्षा कितीतरी वाईट म्हणजे घरी बसून राहणं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार नाही मिळाला तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख मज्जापेशी मरतात, हा हिशोब अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर ह्या न्यूरॉलॉजिस्टने २००६ मधे मांडला आणि आज स्ट्रोकचं काम करणारा प्रत्येक माणूस तो आकडा डोक्यात ठेवून धावतो. उलट जगभर प्रयत्न असा चाललाय की पेशंट हॉस्पिटलला पोचायच्या आधी अँब्युलन्समधेच सिटी स्कॅन व्हावा. जर्मनीत होम्बुर्गला २००८ मधे अशी गाडी रस्त्यावर आली, आपल्याकडे आसाममधे आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने असंच काम केलंय. चालत्या गाडीने पेशंटचं डोकं फुटत असतं तर ह्या गाड्या कुणी काढल्या असत्या का?

बसवायचं की झोपवायचं, ह्यावर वाद घालत वेळ घालवू नका. २०१७ मधे ११ हजारांवर पेशंटांत हेच तपासलं, आडवं सपाट ठेवा किंवा डोकं उंच ठेवा, नंतरच्या अपंगत्वात फरक नाही. फक्त उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. आणि पाणी पाजू नका, हे मी हात जोडून सांगते, कारण आपल्याकडे पहिलं कुणीतरी पाणीच आणतं. स्ट्रोकमधे गिळणंही बिघडतं, पेशंटला स्वतःला कळत नाही, आणि ते पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया.

आता सुई. बोटाच्या टोकाला टोचून बेशुद्ध माणसाला जागं करायची पद्धत चिनी पारंपरिक वैद्यकात जुनीच आहे, मेसेज बहुधा तिथूनच आलाय. पण बोटातून दोन थेंब रक्त काढल्याने मेंदूतल्या धमनीत रुतलेली गुठळी सुटेल असा रस्ताच शरीरात नाही. गुठळी खरंच कशी काढतात ते सांगते. जांघेतल्या धमनीतून, कधी मनगटातून, एक बारीक लांब नळी आत सरकवतात, छातीतून मानेतून वर मेंदूपर्यंत, समोर एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत बघत. टोकाला जाळीची छोटी नळी असते, ती गुठळीत उघडते, गुठळी जाळीत अडकते आणि मग सगळं हळूच मागे ओढून घेतात, काही ठिकाणी सरळ शोषून काढतात. बाहेर गॉझवर येतो तो लालसर काळा तुकडा, अनेकदा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, आणि तेवढ्याने अख्खी उजवी बाजू बंद पडलेली असते. २०१५ मधे नेदरलँड्सच्या ५०० पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ही प्रोसिजर झालेल्या १०० पैकी साधारण ३३ जण तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न झालेल्यांत १९. त्याच वर्षी अजून चार अभ्यासांनी तेच दाखवलं आणि जगभर उपचारच बदलले.

"पण आमच्या ओळखीत टोचल्यावर बरे झाले की". हो, असतील. काही वेळा गुठळी आपोआप विरघळते, दहा-वीस मिनिटांत तोंड सरळ होतं, हात उचलता येतो, त्याला टीआयए म्हणतात, मिनी स्ट्रोक. सुई टोचली असती किंवा नसती तरी तेच झालं असतं. आणि हा प्रकार बरा झाला म्हणून सोडून द्यायचा नाही, कारण खरा मोठा झटका पुढच्या काही दिवसांत येण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासात अशा लोकांना लगेच तपासून औषधं सुरू केली तर पुढच्या ९० दिवसांतले स्ट्रोक जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे "नॉर्मल झाले" हीसुद्धा पळत दवाखान्यात जायची वेळ आहे.

कान ओढण्याबद्दल एवढंच, तोंड वाकडं होतं ते मेंदूकडून चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम जात नाही म्हणून, कानाच्या पाळीचा त्याच्याशी संबंध नाही.

"करून बघायला काय जातं" असं म्हणणारे खूप भेटतात, तर ऐका. मागे माझ्याकडे एक काका आले, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, उजवा हात-पाय गेलेला, बोलणं जवळजवळ बंद. मी त्यांची आवळलेली बोटं एकेक करून सरळ करत होते तर प्रत्येक टोकाला, नखाच्या अगदी कडेला, काळी खपली. काकू म्हणाल्या, मोबाईलवर आलं होतं ना, मुलाने टोचलं, रक्त आलं थोडं, मग आम्ही वाट बघत बसलो. सकाळच्या चहाला झालं आणि दवाखान्यात पोचले जेवणं झाल्यावर. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. मुलगा दारात उभा राहून सगळं ऐकत होता, मान खाली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुला जे माहीत होतं ते तू वडिलांसाठी केलंस, राग त्या मेसेजचा आहे.

वेळेचा हिशोब असा आहे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने फायदा होतो हे १९९५ मधे सिद्ध झालं, तेव्हा ३ तासांची मर्यादा होती, २००८ मधे ती साडेचार तासांवर गेली. जुनं इंजेक्शन तासभर सलाईनमधून द्यावं लागतं, आता टेनेक्टेप्लेज आलंय जे एकदाच सिरिंजने देता येतं. नळीवाली प्रोसिजर २०१८ पासून काही निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत करतात, पण कृपा करून २४ तास आहेत असं समजू नका, ते ज्यांचा मेंदू स्कॅनवर अजून वाचलेला दिसतो त्यांच्यासाठीच आहे, आणि जितकं लवकर तितकं जास्त वाचतं. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथून, म्हणून ती वेळ लिहून घ्या. सकाळी उठल्यावर लक्षात आलं, कधी झालं माहीत नाही, तरी न्या, एमआरआय बघून काही जणांना तेव्हाही इंजेक्शन देता येतं.

बोट टोचायचंच असेल तर घरात ग्लुकोमीटर असल्यास एकदा शुगर बघा, शुगर खूप खाली गेली तरी अगदी स्ट्रोकसारखं दिसतं, ते अँब्युलन्सवाल्यांना सांगा. पण ते अँब्युलन्सला फोन करून झाल्यावर, आधी नाही.

आणि त्या चीनच्या प्रोफेसरांचं. चीनमधल्याच डॉक्टरांनी लोकांसाठी "स्ट्रोक १-२-०" नावाची मोहीम काढलीये. १ म्हणजे चेहरा बघा, २ म्हणजे दोन्ही हात वर करायला लावा, ० म्हणजे बोलणं ऐका. १२० हा तिथला अँब्युलन्सचा नंबर आहे. सुईचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

मेसेजच्या खाली हल्ली अजून एक जोडलेलं असतं, "अमुक गावी औषध मिळतं, मालिश करा, सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही". मालिशने हाताला बरं वाटतं, पण मेंदूला परत शिकवायचं तर पेशंटने स्वतः हालचाल करायची असते, शेकडो वेळा, खऱ्याखुऱ्या कामाची, कप उचलणं, बटण लावणं. पहिल्या २४ तासांत जबरदस्तीने चालवू नका, २०१५ च्या अभ्यासात त्याने उलट नुकसान दिसलं. पण पुढचे दोन-तीन महिने सोन्याचे, २०२१ च्या एका अमेरिकन अभ्यासात हाताचा जास्तीचा सराव ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान सगळ्यात जास्त लागू पडला. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतले तर जास्तीचा फायदा होतो का हे आपल्या देशातल्या १४ हॉस्पिटलांत बघितलं होतं, २०१७ मधे उत्तर आलं, नाही झाला. म्हणून घरचे सोबत हवेतच, पण शिकलेला थेरपिस्टही हवा. सहा महिन्यांनंतर वेग कमी होतो हे खरं, दार बंद होत नाही. चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताकडूनच कामं करून घ्यायची थेरपी ३ ते ९ महिन्यांनंतरच्या पेशंटांतही उपयोगी पडली, हे २००६ मधेच दाखवलं गेलंय.

शेवटी, मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, ताई, आमचं गाव लांब आहे, मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, मग काय करायचं? तरीही लगेच निघा. १०८ ला फोन करा, स्ट्रोक वाटतोय असं स्पष्ट सांगा. नळीवाली प्रोसिजर मोठ्या शहरातच होते, पण सिटी स्कॅन आणि इंजेक्शन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतं, इंजेक्शन तिथे घेऊन पुढे नेता येतं. नुसता मोठा बोर्ड बघून जाऊ नका, स्कॅन मशीन रात्री चालू नसेल तर तिथे जाऊन परत फिरण्यात तास जातो. म्हणून आजच, घरात सगळे धडधाकट असताना, जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलना फोन करून विचारा, रात्री दोन वाजता सिटी स्कॅन होतो का, स्ट्रोकचं इंजेक्शन देता का. जिथे दोन्हीला हो म्हणतील त्यांचा नंबर आणि घरातल्या मोठ्यांच्या चालू गोळ्यांची यादी, त्यातही रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती ठळक, फ्रिजवर चिकटवून ठेवा.