खाण संपली म्हणून गाव उठलं, आमच्याकडं काय संपलंय?

गेल्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या सेंट एल्मोला जाऊन आलो. डोंगरात साधारण 10,000 फुटांवर, 1880 मध्ये सोन्याचांदीच्या खाणींपायी वसलेलं गाव. भरात असताना जवळपास 2,000 वस्ती होती, आता बोटावर मोजण्याइतकी माणसं. मेरी मर्फी ही तिथली मोठी खाण. खाणी बसत गेल्या, 1922 ला रेल्वे थांबली, 1952 ला पोस्टही बंद. लाकडी घरं रस्त्याच्या दोन्ही अंगाला तशीच उभी, आणि एका खोलीची जुनी शाळा पण डागडुजी करून जपलीय.

सोबतचा मित्र लातूरकडचा, तो म्हणाला बघ, आपली गावं पण अशीच होणार. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गावच्या ग्रुपवर पण हाच वाद चालूय, 2023 ला सरकारनं समूह शाळांचं, म्हणजे कमी पटाच्या छोट्या शाळा मिळून एकच शाळा करायचं, काढलं तेव्हापासून, की पट वीसच्या आत आलाय तर शाळा ठेवायची कशाला, आणि अमेरिकेत पण छोट्या शाळा एकत्र केल्याच की म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मलाच दाखला देतात. केल्या, खरंय. पण इथं शाळेची पिवळी बस लेकराला घराजवळून नेते आणि आणून सोडते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात ओढ्याला पाणी आलं की मोटारसायकल निघत नाही, तिथं सात वर्षाची पोरगी तीन किलोमीटर कशी जाणार?

आणि मुळात सेंट एल्मोत जमिनीतलं संपलं होतं, आमच्याकडं तसं नाही. दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ट्रॅक्टरमागं ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, सरपण आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं, दाराला कुलूप, वट्यावर म्हातारी एकटी. मार्च-एप्रिलला साखर कारखाना बंद झाला की हेच लोक परत येतात आणि जून लागला की पेरणीच्या मागं लागतात. सहा महिन्यांनी परत येणाऱ्या गावाला ओस म्हणायचं? पट पडतो तो ह्या जाण्यानं, गावात लेकरंच नाहीत म्हणून नाही.

त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे लेकरं गावातच राहून शिकतील, पण ती चालू होईस्तोवर टोळ्या उसाच्या फडावर पोचलेल्या असतात. ग्रुपवर वाद घालायचाच तर ह्याच्यावर घाला ना, दसऱ्याच्या आधी वसतिगृह चालू करा म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या, मी इथून फोन करून एकेकाच्या मागं लागायला तयार आहे.