विल्सन किपकेटरची अटलांटा ऑलिंपिक केनियाने हिरावली नाही

देश बदलून खेळणाऱ्या खेळाडूंचा विषय निघाला की हा मजकूर हमखास फिरतो: ‘विल्सन किपकेटर हा केनियात तयार झालेला धावपटू, डेन्मार्कने फक्त झेंडा दिला. पैसे मोजून त्याला आपलं केलं. सूड म्हणून केनियाने त्याला १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पळू दिलं नाही, नाहीतर ८०० मीटरचं सुवर्ण त्याचंच होतं. त्या रागाने त्याने १९९७मध्ये विश्वविक्रम तीनदा मोडला.’

यातली माणसं खरी आहेत आणि वर्षंही खरी आहेत. पण ज्या कारणांनी ती एकमेकांना जोडली आहेत, ती जवळजवळ सगळी चुकीची आहेत. एका तरुण धावपटूची मेहनतीची सहा-सात वर्षं त्यात पुसली जातात, म्हणून हे एकदा नीट लिहायला हवं.

‘सूड म्हणून केनियाने पळू दिलं नाही’

मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून सुरुवात इथून.

ऑलिंपिकचा नियम असा की खेळाडू ज्या देशाकडून उतरतो, त्या देशाचा तो नागरिक असला पाहिजे. किपकेटर डेन्मार्कमध्ये आला १९९० साली. त्या काळी डॅनिश नागरिकत्वासाठी साधारण सात वर्षांचं वास्तव्य लागायचं. अटलांटाच्या वेळी त्याची सहा वर्षं झाली होती. शिवाय डेन्मार्कमध्ये एखाद्या कार्यालयाने शिक्का मारला आणि माणूस नागरिक झाला, असं होत नाही. त्यांच्या राज्यघटनेनुसार परकीय व्यक्तीला नागरिकत्व फक्त कायद्याने मिळतं, म्हणजे संसदेने मंजूर केलेल्या विधेयकात त्या व्यक्तीचं नाव असावं लागतं. विश्वविजेता असला तरी रांग तीच.

‘विश्वविजेता’ म्हटलं की लोक अडखळतात: १९९५च्या (स्वीडनमधल्या) योतेबोरी जागतिक स्पर्धेत तो डेन्मार्कच्या कपड्यांत जिंकला, मग वर्षभराने अडचण कसली? अडचण एवढीच की दोन संघटनांचे दोन नियम होते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने त्याला वास्तव्याच्या आधारावर डेन्मार्ककडून उतरू दिलं. ऑलिंपिक समितीला मात्र पूर्ण नागरिकत्व हवं होतं.

आता केनियाच्या परवानगीचं. समजा केनियाने आनंदाने परवानगी दिली असती, तरी काय झालं असतं? परवानगीने कुणी डॅनिश नागरिक होत नाही. नागरिकत्वच नसताना तिचा उपयोग शून्य.

मग सुडाची गोष्ट आली कुठून? ती बहुधा सैफ सईद शाहीनची आहे. स्टीफन चेरोनो या नावाने त्याने २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत केनियासाठी ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं) सुवर्ण जिंकलं. ऑगस्ट २००३मध्ये तो कतारचा नागरिक झाला आणि त्याच महिन्यात पॅरिसला कतारसाठी जगज्जेता ठरला. त्याच्याकडे नागरिकत्व होतं, पण एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडे गेलेल्या खेळाडूला ऑलिंपिकसाठी तीन वर्षं थांबावं लागायचं, आणि ती मुदत माफ करायला जुन्या देशाची संमती लागायची. केनियाने ती दिली नाही आणि शाहीनची २००४ची ऑलिंपिक हुकली. किपकेटर तर वरिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये केनियाकडून कधी उतरलाच नव्हता. दोन धावपटू, दोन वेगळे नियम; मजकुरात दोघांचा एक करून टाकला आहे.

‘पैसे मोजून आपलं केलं’

किपकेटरचा जन्म १२ डिसेंबर १९७२चा. डेन्मार्कला तो परदेशी विद्यार्थी म्हणून गेला, इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी शिकायला, तेव्हा १७ वर्षांचा होता. विकत घ्यायचाच असेल तर लोक चेरोनोसारखा पदक हातात असलेला खेळाडू घेतात. किपकेटर जिथे शिकला त्या केनियातल्या इटेन गावात जोरात पळणारी शाळकरी मुलं तेव्हाही कमी नव्हती. आणि नागरिकत्वाची किंमत उलट त्यालाच मोजायची होती. त्या काळात केनियाला दुहेरी नागरिकत्व मान्य नव्हतं (ते २०१०च्या राज्यघटनेने आलं) आणि डेन्मार्कलाही नव्हतं (तिथे २०१५मध्ये आलं). डॅनिश व्हायचं तर केनियाचं नागरिकत्व सोडणं भाग होतं.

‘केनियात तयार झाला, डेन्मार्कने फक्त झेंडा दिला’

यातला अर्धा भाग मान्य करायलाच हवा. इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरवर आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत आयरिश ब्रदर कोलम ओ’कॉनेल यांच्या हाताखाली किपकेटरचा पाया घातला गेला. पुढे २२ ऑगस्ट २०१० रोजी ज्याने किपकेटरचा विक्रम मोडला, तो डेव्हिड रुडिशासुद्धा ओ’कॉनेल यांचाच शिष्य. त्या शाळेचं श्रेय कुणी काढून घेऊ नये.

पण १७ वर्षांचा होतकरू मुलगा आणि २२ वर्षांचा जगज्जेता यांच्यात पाच वर्षं आहेत, आणि त्या काळात त्याला घडवणारे प्रशिक्षक होते डेन्मार्कमध्ये काम करणारे पोलिश स्लावोमिर नोवाक. ८०० मीटरमध्ये ही वर्षं निर्णायक असतात. या शर्यतीत ऊर्जेचा मोठा वाटा प्राणवायूवर चालतो, निम्म्याहून जास्त. उरलेला प्राणवायूविना येतो. पहिला वाटा उंचीवर छान वाढतो. दुसऱ्यासाठी शर्यतीच्या वेगाने, किंवा त्याहून जोरात, २०० ते ५०० मीटरचे तुकडे पळावे लागतात. उंचीवर हवा विरळ असल्याने एका तुकड्यानंतर दम परत यायला वेळ लागतो. मग एकतर विश्रांती लांबते, नाहीतर चौथ्या-पाचव्या तुकड्याला वेग ढासळतो, आणि पाय चुकीच्या लयीला सरावतात. कोपनहेगन समुद्रकाठी आहे. तिथे ही अडचण येत नाही. इटेनचा पाया आणि सपाटीवरचा वेग, दोन्ही लागले. यातलं एक वगळून किपकेटर समजत नाही.

‘अटलांटाचं सुवर्ण त्याचंच होतं’

तो प्रबळ दावेदार होता, यात वाद नाही. अटलांटात नॉर्वेचा व्हेब्यॉर्न रोडाल १:४२.५८ वेळेत जिंकला. योतेबोरीला हाच रोडाल किपकेटरच्या मागे तिसरा होता. ऑलिंपिकनंतर महिन्याभरात, १ सप्टेंबर १९९६ला, किपकेटरने इटलीतल्या रिएतीला १:४१.८३ नोंदवली. रोडालपेक्षा पाऊण सेकंद कमी, म्हणजे अंतरात जवळपास सहा मीटर.

पण या दोन वेळा शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. रिएतीसारख्या एका दिवसाच्या स्पर्धेत वेग ठरवून देणारा धावपटू पुढे असतो, तो पहिली फेरी ओढून देतो, आणि शर्यत एकच असते. ऑलिंपिकमध्ये काही दिवसांत तीन शर्यती पळाव्या लागतात, आणि वेग ठरवून देणारा कुणी नसतो. वेग मंदावला की आठ जण एकमेकांना खेटून पळतात. आतल्या कडेला राहिलेला कोंडला जातो. बाहेरून जाणाऱ्याला जादा अंतर पडतं, आणि ते मोजता येतं: आतल्या कडेपासून एक मीटर बाहेर पळालं तर प्रत्येक वळणावर ३.१४ मीटर वाढतात. ८०० मीटरमध्ये पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये असतं, राहिली तीन. तिन्ही वळणं बाहेरून घेतली तर ९.४ मीटर, म्हणजे १:४५च्या वेगाने सव्वा सेकंदाचं नुकसान. जगातला सर्वांत वेगवान माणूस यातच हरतो.

किपकेटरच्या बाबतीत हे पुढे घडलंही. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो विश्वविक्रमवीर म्हणून उतरला. शर्यत संथ झाली. जर्मनीचा निल्स शूमन १:४५.०८मध्ये जिंकला, किपकेटर १:४५.१४. याच १:४५.०८ वेळेने किपकेटरने योतेबोरीला सुवर्ण घेतलं होतं. २००४ला अथेन्समध्ये युरी बोर्झाकोव्स्की १:४४.४५ आणि किपकेटर १:४४.६५, कांस्य. दोन्ही वेळा त्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ विजेत्याच्या वेळेपेक्षा तीन सेकंदांहून जास्त फरकाने कमी होती. अटलांटात तो बहुधा जिंकला असता, असं म्हणावं. ‘त्याचंच होतं’ म्हटलं की रोडालने तीन शर्यती पळून मिळवलेलं पदक फुकटचं ठरतं, आणि ते अन्यायाचं आहे.

‘रागाने विश्वविक्रम तीनदा मोडला’

रागाचं कुणी मोजमाप केलेलं नाही, वेळांचं केलेलं आहे. रिएतीची १:४१.८३ ही सेबास्टियन को याच्या १९८१च्या १:४१.७३ या विक्रमापासून फक्त दहा शतांश सेकंद दूर होती. विक्रम दारात आला होता.

७ जुलै १९९७ला स्टॉकहोममध्ये त्याने १:४१.७३ नोंदवली. ही बरोबरी, विक्रम मोडला नव्हता. १३ ऑगस्टला झ्युरिकमध्ये १:४१.२४ आणि २४ ऑगस्टला कोलोनमध्ये १:४१.११, हे दोन खरे मोडलेले. शेवटच्या वेळेचा हिशोब केला तर दर १०० मीटरला सरासरी १२.६४ सेकंद पडतात, सलग आठ वेळा. हा विक्रम १३ वर्षांना दोन दिवस कमी इतका टिकला.

यात मार्चचं पॅरिस लोक विसरतातच. जागतिक इनडोअर स्पर्धेत, २०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या पळत, त्याने ७ मार्चला प्राथमिक फेरीतच १:४३.९६ नोंदवून पॉल एरेंगचा १९८९चा १:४४.८४ हा इनडोअर विक्रम मोडला, आणि ९ मार्चच्या अंतिम फेरीत १:४२.६७. म्हणजे मैदानी विक्रम मोजला तर मोडला दोनदा, इनडोअर धरून चारदा. ‘तीनदा’ कुठल्याच हिशोबात बसत नाही.