चिलखताचा आकडा नंतर पाहा, आधी मर्यादा वाचा

गड्यांनो, उन्हाळा लागला. दुपारी बाहेर पाय ठेववत नाही, म्हणून गावोगावी कूलरसमोर लॅपटॉप मांडून बाल्डर्स गेट ३ हा गेम चालू आहे. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: "भाऊ, एवढं भारी चिलखत घातलं, तरी मार काहून बसते?"

चिलखताचा आकडा सगळे पाहतात, डेक्सटेरिटीची (पात्राच्या चपळाईची) मर्यादा कोणी वाचत नाही, म्हणून. आर्मर क्लास म्हणजे मार बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा. अंगावर काही नसताना तो असतो १० अधिक डेक्सटेरिटीचा मॉडिफायर, म्हणजे चपळाईवरून मिळणारी भर किंवा घट. लाइट चिलखतात हा मॉडिफायर पुरा मिळतो, बहुतेक मिडियममध्ये फार तर २, आणि हेवीमध्ये काहीच नाही.

१८ डेक्सटेरिटीचा, म्हणजे +४ वाला रोग (लपूनछपून वार करणारा) घ्या. स्टडेड लेदरचे १२ अन् हे ४, झाले १६. त्यालाच हाफ प्लेट चढवली तर १५ अन् २, झाले १७. कमाई एका पॉइंटची. बदल्यात लपताना डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), आणि रोगला मिडियमची प्रोफिशियन्सी, म्हणजे ते वापरायचं शिक्षण, नसल्यानं वार करतानाही तेच. माझ्या मते असा सौदा कधीच करू नये. पॅलाडिनचं (हेवी चिलखत घालणाऱ्या धर्मयोद्ध्याचं) मात्र उलटं आहे. डेक्सटेरिटी ८ असली तरी प्लेटमध्ये त्याचे १८ चे १८ राहतात, वजाबाकी होत नाही.

दुसरी गफलत बेरजेत होते. बिनचिलखती बार्बेरियनचं १० अधिक डेक्सटेरिटी अधिक कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), माँकचं १० अधिक डेक्सटेरिटी अधिक विस्डम (शहाणपण), मेज आर्मर या जादूचं १३ अधिक डेक्सटेरिटी: ही सूत्रं आहेत, एका वेळी एकच लागतं. बोनस मात्र वरून चढतात. ढालीचे २, अंगात चिलखत असेल तर डिफेन्स या लढण्याच्या स्टाइलचा १, शिल्ड ऑफ फेथ या जादूचे २, हेस्ट या जादूचे २. शेवटचे दोन्ही कॉन्सन्ट्रेशनवर चालतात, म्हणजे एका जादूगाराला एका वेळी अशी एकच जादू धरून ठेवता येते, त्यामुळे दोन वेगळे जादूगार लागतात. हेस्ट मधेच तुटली तर ज्याच्यावर होती त्याची पाळी वाया जाते; ती कॉन्सन्ट्रेशन सांभाळू शकणाऱ्याकडेच द्या.

बरेच जण एक गोष्ट विसरतात: या गेममध्ये माणूस जातीच्या विझार्डला ढाल वापरता येते. साधा झगा, मेज आर्मर आणि हातात ढाल. +१ डेक्सटेरिटीवरही १६ होतात.

आता बोनस द्यायचा कोणाला? शत्रूचा वार +५ चा धरा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात ५ मिळवायचे. आर्मर क्लास १६ असेल तर वीसपैकी १० आकड्यांवर मार बसतो, १८ ला ८, २० ला ६, २२ ला ४. म्हणजे १६ चे १८ केले तर मार पाचव्या हिश्शानं घटतो, २० चे २२ केले तर तिसऱ्या हिश्शानं. म्हणून शिल्ड ऑफ फेथ मागं उभ्या विझार्डवर टाकू नका, ज्याचा आकडा आधीच मोठा आहे आणि जो पुढं उभा आहे त्याच्यावर टाका. फाशावर २० पडले तर वार बसतोच, त्याला इलाज नाही.

फायरबॉलसारख्या आगीच्या जादूपुढं मात्र आर्मर क्लास कामी येत नाही. तिथं वार नाही, सेव्हिंग थ्रो असतो, म्हणजे बचावासाठी फासा ज्याच्यावर जादू पडली तोच टाकतो. तेव्हा २२ चा आकडा घेऊन चौघांनी एकाच जागी गर्दी करू नका.