न्यूयॉर्क विमानाकडे धावत येत नाही

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत येतं आणि साडेसहा तासांत पोहोचता येतं. परतताना मुंबई पुढे पळत असते, म्हणून चोवीस तास. शिवाय सरळ पश्चिमेला जायचं सोडून विमान उत्तरेला वळसा घालतं, ते भाडं वाढवायला.’ पुरावा म्हणून तिकिटाचा फोटो: रात्री १ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क. परतीला दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई.

तिकीट खरंच असेल. पण तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळचे साडेसात, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे पाच. म्हणजे प्रवास झाला १६ तासांचा. परतीच्या चोवीसातून साडेनऊ वजा करा, उरतात साडेचौदा. नोव्हेंबरात अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हा हेच १६ तास तिकिटावर साडेपाच दिसतील. पृथ्वीने त्या रात्री गिअर टाकला म्हणायचं का?

आता खरे आकडे बघा: जाताना १६, येताना साडेचौदा. मेसेज म्हणतो त्याच्या नेमकं उलट!

कारण जमिनीबरोबर हवाही फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेला जाते. हवा मागे राहिली असती, तर नरिमन पॉइंटला छत्रीच काय, इमारतीही टिकल्या नसत्या. विमान याच हवेतून उडतं. जाण्या-येण्यातला फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे: दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे वारे, हिवाळ्यात कित्येकदा ताशी २०० किमीच्या पुढे. (या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढे गुण मेसेजवाल्याला द्यायला हरकत नाही.)

या वाऱ्याची किंमत २०१६ मध्ये दिसली. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किमी झालं, तरी वेळ सुमारे दोन तासांनी घटला. लांबची वाट, पण वारा पाठीशी. नुसतं अंतर बघून वेळ सांगता येत नाही, आणि त्यात आकाश बंद असण्याची भर पडते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्याच.

राहिला उत्तरेचा ‘वळसा’. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर काढा आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाणारच नाही. मुंबईतून निघतानाच उत्तर-वायव्येला झुकेल आणि पार ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या जवळ जाऊन खाली उतरेल. ही वाट सुमारे १२,५०० किमीची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेली ‘सरळ’ रेघ प्रत्यक्षात १४,२०० किमीच्या आसपास भरते. वळसा आहे, पण तो पट्टीवाल्या रेघेत.