ती पांढरी टोपी पिठ्या ढेकणाची नाही

नमस्कार काका,

कॅलिफोर्नियातल्या निलगिरीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: फोटोतली पांढरी कीड आपला पिठ्या ढेकूणच (कपाशीवरचा पांढऱ्या पिठाचा किडा) आहे, मी उगाच तिला परदेशी नाव चिकटवलं, एक आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून सगळीकडे पोचणारं) औषध मारलं की विषय संपतो, आणि तुमच्या बांधावरच्या निलगिरीला पानांवर गाठी आल्यात, तीही हीच कीड. शिवाय 'पाणी पिणारं झाड, मेलं तर बरंच' हा टोला. तुमचा शेतीचा अनुभव दांडगा आहे, तरी यातलं बरंचसं मला पटलेलं नाही.

पांढरं दिसलं की पिठ्या ढेकूण, हे कपाशीवाल्याला सुचणारच. पण पिठ्याचं पीठ त्याच्या अंगावर असतं. ते पुसलं की खाली तोच मऊ, सुस्त किडा. शिवाय तो कोवळ्या शेंड्यावर, पानांच्या बेचक्यात पुंजक्याने बसतो. माझ्या फोटोत पानाच्या सपाट भागावर सुटे सुटे शंकू आहेत, मोठ्यात मोठा तळाशी तीनेक मिलिमीटर. शंकू नखाने उचलला तर टोपीसारखा अख्खा निघतो आणि खाली पिवळसर पिल्लू सापडतं. शरीरातून बाहेर टाकलेल्या साखरेच्या पाकातून त्या पिल्लानेच ते छप्पर बांधलेलं असतं. त्याला लर्प म्हणतात. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी काही जातींचे लर्प गोड म्हणून खातही आले आहेत.

प्रौढ किडा टोपीबाहेर राहतो. फिकट हिरवा, सडपातळ, पंख छपरासारखे मिटलेले, हात लावायला जावं तर टुणकन उडी. तुमच्याकडच्या संत्रा बागायतदारांना विचारा, सिट्रस सिला, म्हणजे संत्र्याचा रस शोषणारा उडता किडा, ते लगेच ओळखतील. हा त्याच्याच गोतातला. नाव ग्लायकॅस्पिस ब्रिम्बलकोम्बी, मूळ ऑस्ट्रेलियाचा. 1998 मध्ये लॉस एंजेलिसजवळ एल मॉन्टेला तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला आणि काही वर्षांत मेक्सिको, चिली, ब्राझीलपर्यंत गेला.

ओळख पटवताना झाड कोणतं हेही बघावं लागतं. निलगिरीच्या जाती सातशेच्या आसपास आहेत, आणि या सिलाचा ओढा मुख्यतः रेड गम या जातीकडे. लेमन गम या दुसऱ्या जातीवर टोपीऐवजी चपटं, शिंगासारखं आवरण दिसलं तर तो दुसरा सिला. गंमत म्हणजे त्याच्या छपराखाली लेमन गमचा आणखी एक सिला भाड्याशिवाय राहतो, स्वतःचं काहीच बांधत नाही. तिसऱ्याच तऱ्हेची कीड म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलच्या लागवडींतला ब्राँझ बग. तिथे पांढरं काहीच नाही. पानं तांबूस पडतात, त्यांवर काळ्या अंड्यांचे ठिपके आणि चपटे ढेकूण. लांबून बघणाऱ्याला झाड पाण्यावाचून सुकतंय असंच वाटतं.

आता औषध. वरून फवारलं तर टोपीखाली पोचत नाही. मुळाशी दिलेलं आंतरप्रवाही पोचतं, पण परिणाम कधी दिसतो, कधी नाही, आणि निलगिरीच्या फुलांवर मधमाश्या असतात. त्यात एक मित्रकीटकही मरू शकतो. सिलेफॅगस ब्लायटियस ही इवलीशी गांधीलमाशी ऑस्ट्रेलियातून आणून 2000 मध्ये कॅलिफोर्नियात सोडली गेली. ती टोपीखालच्या पिल्लात अंडं घालते. टोपीला गोल भोक दिसलं तर समजावं, ती आपलं काम करून गेली. समुद्रालगत तिने सिला चांगला आवरला, आतल्या उष्ण खोऱ्यांत तेवढा नाही. म्हणून तिथे सल्ला साधा असतो: दुष्काळात झाडाला पाणी द्या, नत्र देऊ नका, उगाच छाटणी करू नका, कारण सिलाची मादी अंडी घालायला कोवळी फूटच जास्त पसंत करते.

मेलं तर बरं, हे बांधावर ठीक. पण कॅलिफोर्नियातल्या रँचो सांता फेला रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळांखालच्या स्लीपरसाठी निलगिरी लावली, लाकूड तडकायला लागलं, झाडं तशीच राहिली आणि पुढे त्यांच्या सावलीत बंगले उभे राहिले. तिथलं वाळलेलं झाड म्हणजे छपरावर पडणारी फांदी आणि वणव्याचं सरपण.

तुमच्या गाठींचं मात्र प्रकरण वेगळं. गाठी पानाच्या मधल्या शिरेवर, देठावर आणि कोवळ्या काडीवर असतील तर संशय लेप्टोसायब इनव्हासा या गांधीलमाशीवर. ती रस शोषत नाही, पेशीत अंडं घालते आणि गाठ फुगते. मध्यपूर्वेत 2000 च्या सुमारास ती लक्षात आली, मग आपल्या दक्षिणेतल्या लागवडींतही पसरली. एक ताजी गाठ ब्लेडने कापा. आत छोट्या पोकळीत पांढरी अळी दिसली तर तीच. पोकळ्या रिकाम्या आणि वर टाचणीएवढी भोकं असतील तर माश्या उडून गेल्यात, आणि त्या पानांवर फवारणीला खर्च करण्यात अर्थ नाही. कापलेल्या गाठीचा जवळून फोटो टाका, झाडाची साल आणि शेंडाही दिसू द्या. मग जात कोणती तेही बघू.